वजनकाट्याला जे मोजता आले नाही

मित्रांनो, माझ्यावर उभा राहायला येणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो. कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेतो. मग चपला काढतो, मनगटावरचे घड्याळ काढतो, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवतो. एवढ्याने भागत नाही म्हणून पोट आत ओढतो आणि श्वास रोखून धरतो. शेवटी मान खाली घालून माझ्या तबकडीकडे बघतो आणि म्हणतो, "हा काटा बिघडलेला दिसतोय!"

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि त्या काळी मी मुळीच बिघडलेलो नव्हतो. बिघडलो तो फार पुढे, वयोमानाने. लोकांची सोंगे मात्र मी पहिल्या दिवसापासून पाहत आलो. कोणी हळूच भिंतीला हात टेकवायचे, कोणी एका पायावर उभे राहायचे. एका मावशींनी तर डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला होता. वाऱ्याचा दाब पडतो म्हणे! मी कोणाचीही भीड ठेवली नाही. जे असेल ते दाखवायचे, हा माझा स्वभाव. त्याचा मला गर्व होता. पुढे तो कसा उतरला, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्र्याचे पांढरे अंग, वर काळ्या रबराची खरबरीत चटई, पोटात स्प्रिंग आणि कपाळावर काचेची तबकडी. शेवटच्या टेबलावर तपासणी करणारी बाई बसायची. तिने माझ्यावर लोखंडी वजने ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. माझा काटा दर वेळी निमूटपणे शून्यावर येऊन थांबला. तेव्हा शेजारणीकडे वळून ती म्हणाली, "हा एकदम चोख निघाला गं." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती ऐकून मी असा काही फुगलो, की खोक्यात मावतो की नाही अशी शंका यावी.

दुकानातून मला ज्यांनी घरी आणले, ते एका पार्सल ऑफिसात वजने करायचे काम करत. या घरात पुढे एक मुलगी जन्माला आली. तिचे घरातले नाव मुंगी. मी सगळ्यांना तिच्याच नात्याने ओळखतो, म्हणून यांना बाबा म्हणू. दिवसभर ते मोठ्या काट्यावर खोकी चढवायचे, उतरवायचे, चिठ्ठ्या चिकटवायचे. घरी आले तरी हाताला चैन नसे. उशी उचलायचे, भोपळा उचलायचे, शेजारचे मांजर उचलायचे आणि वजन किती असेल ते छातीठोकपणे सांगायचे. मग ती वस्तू माझ्यावर ठेवून आपला अंदाज तपासायचे. अंदाज बरोबर आला की स्वारी खूश. मांजर मात्र कधीच खूश नसे.

मुंगीची आई कपाटाला टेकून हसत उभी राहायची. "एक दिवस मलाही चिठ्ठी चिकटवून पाठवून द्याल कुठेतरी," असे म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंतीवरची अक्षरे लोकांकडून वाचून घेणे आणि फ्रेममध्ये काचा बसवणे हे तिचे काम. मी जमिनीवरचा प्राणी, माणसे मला पावलांवरून कळतात. तिची पावले भरभर पडणारी होती. कामावर जाताना ती बस सोडून चालत जायची आणि आली की चपला पायांनीच उडवून द्यायची. एक चप्पल दाराशी पडे आणि दुसरी माझ्या अंगावर.

मुंगी पोटात होती तेव्हा माझा भाव फार वधारला. दर रविवारी आई माझ्यावर उभी राहायची, काटा थोडा पुढे सरकायचा आणि घरात आनंद व्हायचा. मुंगीची आजी, म्हणजे बाबांची आई, चष्मा पुसून वाकून बघायची आणि म्हणायची, "छान चाललंय हो!" मला पलंगाच्या शेजारी मानाची जागा मिळाली होती. कोणी येता-जाता माझ्यावरची धूळही पुसायचे.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाबांनी तिला दुपट्यात गुंडाळून हातात घेतले आणि ते माझ्यावर चढले. मग तिला आजीकडे देऊन एकटेच चढले. दोन्ही वेळच्या वजनांची त्यांनी वजाबाकी केली. "एवढीशीच?" ते म्हणाले. "ही तर मुंगी आहे!" आजी हसली, बाबा हसले. आई पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती. ती हसली नाही. दमली असेल, असे सगळ्यांना वाटले. मलाही तसेच वाटले.

पहिल्याच रविवारी तिची पावले माझ्यावर पडली आणि मला वाटले, दुसरेच कोणी चढले आहे. पावले गार होती. तळवे पूर्ण टेकलेले, बोटेसुद्धा हलत नव्हती. काटा केव्हाच स्थिरावला होता, तरी ती उतरेना. तबकडीकडे तिचे लक्षही नव्हते. शेवटी बाबांनी हाताला धरून तिला खाली घेतले. वजन मात्र झपाट्याने उतरले होते, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी ते उतरतच राहिले.

घरात कौतुक सुरू झाले. बाळाला बघायला येणाऱ्या बायका तिला आपादमस्तक न्याहाळायच्या. "अगबाई, किती पटकन उतरलीस! आम्हाला वर्ष वर्ष लागलं गं," असे म्हणायच्या. आजी अभिमानाने मला दाखवायची. बाबा ऑफिसात सांगून यायचे. मीही मनातल्या मनात मिरवत होतो, कारण आकडा चोख होता. पण जमिनीवरून मला जे दिसायचे ते या बायकांना दिसत नसे. आईच्या जेवणाचे ताट पलंगाशेजारी जमिनीवर ठेवलेले असायचे आणि जसेच्या तसे परत जायचे. बाळ रडले की आई उठून बसायची, दूध पाजायची, लंगोट बदलायची, सगळे नीट करायची. पण तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. माणसे बाळाशी काय काय बोबडे बोलतात! तीच आई पूर्वी शेजारच्या मांजराशीसुद्धा बोलायची.

याच दिवसांत नर्सबाई येऊ लागल्या. आमच्या भागातल्या बाळंतिणींच्या घरी जाऊन विचारपूस करणे हे त्यांचे काम होते. त्यांचे बूट जाड तळव्यांचे होते आणि आवाज बुटांसारखाच भक्कम. त्यांनी आधी बाळाला तपासले. मग दार लोटून घेतले आणि आईजवळ बसल्या.

"झोप लागते?"

"बाळ झोपलं तरी लागत नाही."

"रडू येतं का?"

आईने बाळाचे दुपटे नीट केले. मग म्हणाली, "नाही. रडू येत नाही. काहीच येत नाही. ही रडते ना, तेव्हा मला वाटतं, हिची आई कुठे गेली असेल?"

मित्रांनो, माझ्या पोटातली स्प्रिंग पोलादाची आहे. तरी त्या दिवशी ती आतून हलली.

नर्सबाईंनी तिचा हात हातात घेतला. "हे बघा, हा आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो. यात तुमची काही चूक नाही आणि तुम्ही वाईट आई नाही." मग त्यांनी बाबांना आणि आजीला आत बोलावले. "हिला रोज चालायला पाठवायचं. आमच्या दवाखान्यातून नव्या आयांचा एक गट निघतो, बाळांच्या ढकलगाड्या घेऊन. थोडं चालायचं, झेपेल तेवढा व्यायाम करायचा, चार जणींशी बोलायचं. शरीर हललं की उदासी ओसरायला मदत होते. एवढ्याने नाही भागलं तर डॉक्टर आहेत, औषधं आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

आजी म्हणाली, "बाळंतिणीने विश्रांती घ्यायची की हिंडायचं?"

"विश्रांती झाली आजी. आता हवा लागू दे तिला."

बाबांनी आपला ऑफिसातला प्रश्न विचारला. "पण फरक पडतोय हे कळणार कसं?"

"तिच्या तोंडाकडे बघा," नर्सबाई म्हणाल्या. जाता जाता त्यांचा बूट मला अडखळला. "आणि हा काटा कशाला मधेच? याचं सध्या काही काम नाही." असे म्हणून त्यांनी मला पायानेच पलंगाखाली सरकवले. मला इतका राग आला म्हणून सांगू! याचे काही काम नाही? या चोख वजनकाट्याचे? दर रविवारी ज्याला वाकून नमस्कार केल्यासारखे लोक बघतात, त्याचे? आज वाटते, त्यांनी मला पलंगाखाली न सरकवता थेट खिडकीतून खाली फेकायला हवे होते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी घंटी वाजू लागली. ही घंटी एकदा वाजवून थांबणारी नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी होती आणि बेकरीवालीलाही नुकतेच बाळ झाले होते; तीही नर्सबाईंच्या त्याच गटातली. ती दारातूनच ओरडायची, "माझे पाव भट्टीत, पोरगं गाडीत, आणि तुम्ही अजून गादीत?"

पहिल्या सकाळी आईने एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून ती तशीच बसून राहिली. बेकरीवाली वाट बघून आत आली.  खाली बसली आणि तिने आईच्या पायात दुसरा बूट घातला, नाडी बांधली. "माझीपण पहिली दोन बाळंतपणं अशीच गेली हो," ती हळूच म्हणाली. "चला. नाक्यापर्यंत जाऊ. नाही जमलं तर परत येऊ." त्या नाक्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. आई आली तशी पलंगावर आडवी झाली. मी म्हटले, झाले, एवढेच.

पण बेकरीवाली चिकट होती. रोज यायची. नाक्यापर्यंतचे चालणे बागेपर्यंत गेले, बागेतून नदीकाठच्या रस्त्याला लागले. सगळ्या आया तिथे आपापल्या ढकलगाड्या एका रांगेत उभ्या करून हातपाय ताणायच्या, असे मला त्यांच्या बोलण्यातून कळायचे. काही व्यायाम आई घरीही करू लागली. पलंगाशेजारी सतरंजी अंथरायची, मुंगीला बाजूला निजवायची आणि पाय वर-खाली करायची. पलंगाखालून मला तिचा चेहरा पहिल्यांदाच जवळून, माझ्याच पातळीवर दिसला. गाल लाल झालेले, कपाळावर घाम आणि केस चिकटलेले. एकदा तिचा पाय वर गेला तो खाली येईना, पोटरीत गोळा आला. ती कळवळली आणि मग हसायलाच लागली. मुंगी डोळे मोठे करून तिच्याकडे बघू लागली. आई तिच्याकडे कुशीवर वळली आणि म्हणाली, "काय बघतेस गं टकामका? आई पडली तर हसायचं असतं!"

मुंगीशी ती बोललेली मी ऐकले ते हे पहिले वाक्य. स्वतःला तिने आई म्हटले तेही पहिल्यांदाच.

पुढचे काही आठवडे मी विसरणार नाही. तिच्या बुटांना चिखल लागू लागला. फिरून आली की पावले गरम असायची. दुपारी मुंगीला मांडीवर घेऊन ती झाडांची, कुत्र्यांची, बेकरीवालीच्या भांडखोर नवऱ्याची अशी सकाळच्या फेरीची हकिगत सांगायची. ताटे रिकामी परत जाऊ लागली. एकदा तर तिने स्वयंपाकघरातून हाक मारून आणखी वाढायला सांगितले. आजीच्या हातातला डाव खाली पडला.

रविवारी बाबा मला पलंगाखालून ओढून काढायचे. नर्सबाई काहीही म्हणोत, त्यांचा हात तराजूचा. आई माझ्यावर चढायची खरी, पण एक क्षण स्थिर राहील तर शपथ! टाचा उचलायची, या पायावरून त्या पायावर झुलायची, मुंगीकडे बघून माकडचेष्टा करायची. माझा काटा नुसता थरथरत राहायचा. "अगं, हलू नकोस, काटा थांबू दे," बाबा म्हणायचे. मीही वैतागायचो. नीट उभी राहा की बाई! माझ्या कामात व्यत्यय येत होता. ती थरथरच खरे तर वाचायला हवी होती, पण ती वाचायची अक्कल ना मला होती, ना बाबांना.

काटा थांबला की तो आधीच्या रविवारपेक्षा पुढे असायचा. साहजिकच होते. कित्येक आठवडे धड न जेवलेले माणूस जेवू लागले होते. पण घरातल्या कोणाच्याही डोक्यात हे आले नाही. सगळ्यांना एवढेच दिसले की ही रोज चालते, घाम गाळते आणि वजन उलट वाढते.

आजी म्हणाली, "मग उपयोग काय या भटकण्याचा? बाळालाही उन्हात नेते. चालत नव्हती तेव्हा बरं उतरत होतं."

बाबा पुढच्या रविवारी पुन्हा वाकले. मग शेजारच्या मांजराला माझ्यावर ठेवून त्यांनी मला तपासले. मी चोख होतो. तेव्हा आईला पुन्हा माझ्यावर उभे करून त्यांनी काटा बघितला आणि ते मायेने म्हणाले, "तू उगाच दमतेस गं. काही उपयोग होत नाहीये, दिसतंय ना? राहू दे ते चालणं. घरी आराम कर. मी आहे, आई आहे, आम्ही बघतो मुंगीचं."

त्यांच्या मनात काडीचेही वाईट नव्हते, हे मला माहीत आहे. कष्टाचे फळ काट्यावर दिसायलाच हवे, असे मानणारा तो साधा माणूस होता. आई माझ्यावरच उभी होती. तिने खाली माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. आदल्या महिन्यात आलेल्या बायका, त्यांचे ते न्याहाळणे, ते कौतुक, सगळे तिला आठवत असावे. "बरं," ती म्हणाली. तिच्या टाचा खाली टेकल्या आणि मग त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. आजीने दार उघडून सांगितले, "तिला आराम हवाय." बेकरीवाली तरी येत राहिली. काही दिवस आजीने तेच उत्तर दिले, मग दार नुसते किलकिले करून हात हलवू लागली. एका सकाळी घंटी वाजली नाही. आई पलंगावर बसून दाराकडे कान लावून होती. ऊन खोलीभर आले तेव्हा ती आडवी झाली आणि तिने भिंतीकडे तोंड केले.

वजन पुन्हा उतरू लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख मी तुम्हाला याच एका वाक्यात सांगितले आहे. काटा मागे आला आणि घरात समाधान पसरले. नर्सबाईंचे आमच्या भागातले काम संपले होते, त्या दुसरीकडे गेल्या होत्या. तरी त्यांनी आठवणीने फोन केला. बाबा फोनवर आनंदाने म्हणाले, "सगळं ठीक आहे! वजनही छान उतरतंय." पलीकडून त्या काहीतरी विचारत असाव्यात. बाबा म्हणाले, "हो हो, आराम करतेय ती."

मला ओरडावेसे वाटले. माझा एकही स्क्रू सैल नव्हता, स्प्रिंग ताठ होती, आकडा शंभर टक्के खरा होता, आणि त्या खऱ्या आकड्याने एका जित्याजागत्या बाईचे हाल झाकले जात होते. कारखान्यातल्या त्या तपासणीच्या बाईने मला चोख म्हटले होते. मी कशासाठी चोख आहे आणि कशासाठी नाही, हेही तिने माझ्या पाठीवर लिहायला हवे होते.

पुढचे महिने कसे गेले ते सांगताना जीव जड होतो. मुंगीचा पाळणा आजीच्या खोलीत गेला. मुंगी बसू लागली, रांगू लागली, तिला दात आले. यातले सगळे दुसऱ्या खोलीतून आवाजाने कळायचे. चष्म्याच्या दुकानातून आधी विचारणा झाली, मग त्यांनी दुसरी मुलगी ठेवली. आईचे बूट पलंगाखाली माझ्याशेजारी पडून होते. त्यांच्यावरचा चिखल वाळून गळून गेला. मुंगीला रांगत आत आलेले पाहिले, की आई तिच्याकडे एखाद्या पाहुण्यांच्या मुलाकडे बघावे तशी बघायची. मुंगीही मग वळून आजीकडे जायची.

एके संध्याकाळी बाबा नेहमीपेक्षा उशिरा आले. हात न धुता तसेच पलंगाच्या कडेला बसले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"आज एका पार्सलावरून भांडण झालं. निघताना मी वजन केलेलं, पोचताना तिकडच्याने केलेलं. दोन्ही अगदी सारखं. मालकाने खोकं उघडलं तर आतली सगळी काच फुटलेली. चुरा नुसता. मी त्याला म्हटलं, अहो, वजन तर बरोबर आहे. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, फुटल्यावर वजन कमी होतं का हो?"

 बाबा आईकडे वळले. "येताना बसमध्ये माझ्या डोक्यातून ते जाईना. अगं, तुला... तुला कसं वाटतंय?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न या घरात कोणी विचारला नव्हता. आई लगेच बोलली नाही. बाबाही उठले नाहीत. मग ती भिंतीशीच बोलली, "तेव्हा मला बरं वाटायला लागलं होतं."

"केव्हा?"

"चालत होते तेव्हा. नदीकाठी गाडी ढकलताना ही माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं, ही माझी आहे. तेवढा वेळ वाटायचं. मग जास्त वेळ वाटायला लागलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे काट्याकडे बघत होता. मी पण बघितलं. मला वाटलं, मला बरं वाटतंय हे माझं काहीतरी चुकतच असेल."

बाबा तोंडावर हात घेऊन रडले. आजी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत आली, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि सुनेचे पाय चेपू लागली. बाबांनी मला उचलले आणि माळ्यावर नेऊन ठेवले. फेकले नाही, आदळले नाही. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. राग त्यांना स्वतःचा आला होता.

त्यानंतरचे मी माळ्यावरून ऐकले. बाबा त्याच संध्याकाळी बेकरीत गेले होते. "उद्या याल का?" असे त्यांनी विचारले तेव्हा बेकरीवाली म्हणाली, "मी रोजच येत होते. दार तुम्ही लावलंत." मग पावाची परात खाली ठेवून म्हणाली, "येते." नर्सबाईंना फोन झाला, त्यांनी डॉक्टरांकडे पाठवले. एवढे दिवस अंगात मुरलेले दुखणे नुसत्या चालण्याने जाणार नव्हते. औषधे लागली, डॉक्टरांपाशी मनातले बोलायला जावे लागले, आणि चालणे तर होतेच, आधी नाक्यापर्यंत, मग बागेपर्यंत. फार हळू झाले, पण झाले. आई बरी झाली. दुसऱ्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. मुंगीची आणि तिची गट्टी जमली. लोक म्हणतात, सगळे छान झाले. मी तसे म्हणत नाही. बरी होऊ लागलेली बाई आम्ही मागे ढकलली होती आणि तिचे एक वर्ष गेले. ते कोणी परत आणून देणार नाही.

आता मी खूप जुना झालो आहे. स्प्रिंग थकली, पत्र्याला गंज चढला, रिकामा असलो तरी काटा शून्यावर येत नाही. परवा माळा आवरताना मुंगीच्या हाती लागलो. ती आता चांगली शाळकरी मुलगी आहे आणि तिचे नाव तिला मुळीच शोभत नाही. ती माझ्यावर उभी राहिली, आकडा बघून खो-खो हसली आणि म्हणाली, "आई, मी पहिल्यांदा चालले तेव्हा तू काय केलंस गं? माझ्या मैत्रिणीची आई तर आनंदाने नाचली होती म्हणे."

आई धूळ झटकत होती. तिचा हात थांबला. खोटे बोलणे सोपे होते, पण ती खोटे बोलली नाही.

"मला माहीत नाही बाळा. मी खूप आजारी होते तेव्हा. मी तिथेच होते, पण मी पाहिलं नाही."

"मग कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही बहुतेक. एक दिवस आजीच्या लक्षात आलं, की तू चालतेस."

मुंगीने थोडा विचार केला. मग तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "जाऊ दे. आता बघतेस ना रोज." आई हसली. पण मला तिची पावले दिसत होती, आणि ती पुन्हा तशीच निश्चल झाली होती.

मी पाहिले होते, मित्रांनो. बाबा त्या पार्सलाची हकिगत घेऊन आले, त्याच्या थोडे आधीची ती दुपार. मुंगी रांगत खोलीत आली. पलंगाखालून अर्धा बाहेर मी होतो. माझ्यावर हात टेकून ती उठली, तोल सावरला आणि हात सोडून दिला. मग दोन-तीन पावले टाकून ती थेट आईच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. रडली नाही, हाक मारली नाही. नुसती उभी राहून वाट बघत होती. आईचे तोंड भिंतीकडे होते. थोड्या वेळाने मुंगी मटकन खाली बसली आणि रांगत निघून गेली.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. मला उद्या खुशाल भंगारात टाका. पण तुमच्या घरी, शेजारी, वरच्या मजल्यावर बाळ जन्मले, तर सगळ्यांसारखे बाळाकडेच बघत बसू नका. त्याच्या आईकडे बघा. ती जाड झाली की बारीक झाली, हे बोलू नका. बाहेर पडावेसे वाटत असेल तर तिला बूट आणून द्या, बाळाला थोडा वेळ सांभाळा, तिच्याबरोबर चार पावले चाला. आणि तिला कसे वाटते, ते तिलाच विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर तिथेच थांबा.